दोघांचं शरीर, एकट्याची सवय : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोण्या एका जोडप्याचं नाही. ख्रिस्ती कुटुंबांच्या समुपदेशनात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते अभ्यासासाठी मांडलं आहे. विषय आहे विवाहित जीवनातल्या हस्तमैथुनाचा. तरुणांच्या शिबिरात त्यावर एखादं तरी वाक्य निघतं. लग्न झालं की मात्र हा प्रश्न मिटला असं सगळेच गृहीत धरतात. तो मिटत नाही. विचारायला जागा नसते, म्हणून तो नवराबायकोच्या मध्ये मुकाट्यानं बसून राहतो.

परिस्थिती

नवरा पस्तिशीतला, प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेला, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा. बायको कॅथलिक घरातली, नियमानं मिस्साला जाणारी. लग्नानंतर दोघांनी आपापली उपासना सोडली नाही आणि त्यावरून कधी भांडणही झालं नाही. दुसरं बाळंतपण अवघड गेलं. टाके पडले. पुढे संबंधाच्या वेळी तिला इतक्या वेदना होऊ लागल्या की दोन-चार प्रयत्नांनंतर ते थांबलंच. थांबायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. 'बाळ लहान आहे' हे कारण दोघांनाही सोयीचं होतं. वर्ष होत आलं तरी त्यावर एक शब्द निघाला नाही.

या काळात नवऱ्यानं रात्री उशिरा, न्हाणीघरात, हस्तमैथुन सुरू केलं. त्याच्या मते हा तिला त्रास न देण्याचा मार्ग होता. सुरुवातीला मनात बायकोच असायची. काही महिन्यांनी हातात मोबाइल आला आणि मोबाइलवर अश्लील चित्रफिती आल्या. एका रात्री बाळासाठी पाणी घ्यायला उठलेल्या बायकोच्या हे लक्षात आलं.

ती म्हणाली, "तू व्यभिचार केलास."

तो म्हणाला, "तुला दुखू नये म्हणून तर हे केलं."

समुपदेशकाकडे येण्याआधी दोघंही सल्ला घेऊन आली होती. त्याला मंडळीतल्या एका मित्रानं सांगितलं, की बायबलमध्ये हस्तमैथुनाविषयी एकही आज्ञा नाही, मनाला लावून घेऊ नकोस. तिला एका पाळकांनी सांगितलं, की पत्नी नकार देते तेव्हाच पती पापात पडतो, प्रेषित पौलानं तसं लिहून ठेवलं आहे. या दुसऱ्या सल्ल्यानं केलेली जखम भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. जिला शरीरानं वेदना होत होत्या, तिच्या माथी नवऱ्याच्या पापाचा दोषही मारला गेला. ज्यांच्याकडे अशी जोडपी येतात त्या प्रत्येकानं हे टाळलंच पाहिजे, असं मला तळमळीनं वाटतं.

आधी डॉक्टर

कुठलंही वचन उघडण्याआधी पहिला प्रश्न असा होता : वेदनेसाठी कुणाला दाखवलंत का? दाखवलं नव्हतं. तिला वाटायचं, बाळंतपणानंतर असंच असतं. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेनचं प्रमाण कमी राहतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा पडतो. टाक्यांच्या जागी व्रण ताठर होतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आपोआप आवळून घेतात आणि आणखी दुखतं. यावर उपचार आहेत : वंगणासाठी जेल, डॉक्टरांनी दिलेलं मलम, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि नवऱ्याला सोबत जायला सांगितलं. वर्षभर ज्या वेदनेपासून तो दूर पळत होता, तिचं वर्णन त्यानं पहिल्यांदा डॉक्टरांसमोर तिच्या तोंडून ऐकलं.

नवऱ्याच्या मनात आणखी एक भीती होती. लहानपणी हाती पडलेल्या एका पत्रकात या सवयीनं डोळे जातात, पाठीचा कणा झिजतो असं छापलेलं होतं. हा विचार शास्त्रवचनातून आलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये निघालेल्या एका निनावी पुस्तिकेनं आणि १७६० मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरनं तो युरोपभर पसरवला. त्याला वैद्यकीय आधार नाही. एवढं सांगून तो मुद्दा बाजूला ठेवला.

ओनान आणि तामार

बायकोनं पहिल्याच बैठकीत उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय काढला. ओनाननं वीर्य जमिनीवर पाडलं आणि परमेश्वरानं त्याला मारलं. तिच्या मते याहून स्पष्ट काय हवं? नवऱ्याचं उत्तरही तयार होतं : ती गोष्ट दिराच्या कर्तव्याची आहे, हस्तमैथुनाची नाही.

नवऱ्याचं म्हणणं मजकुराला धरून आहे. मेलेल्या भावाच्या विधवेला संतती देणं हे दिराचं कर्तव्य होतं. अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा नियम आहे आणि ते नाकारणाऱ्याच्या पायातला जोडा काढून त्याची नाचक्की करण्याची तरतूदही आहे. ओनान एकटा नव्हता, तो भावाची विधवा तामार हिच्याबरोबर होता. म्हणून आज बरेच बायबल अभ्यासक, कॅथलिकसुद्धा, हस्तमैथुनाच्या निषेधासाठी या उताऱ्यावर भिस्त ठेवत नाहीत. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात पुरुषाच्या वीर्यपाताचा उल्लेख आहे. तिथे अंघोळ करावी आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं एवढंच सांगितलं आहे, आणि लगेच पुढे नवराबायकोच्या संबंधालाही तोच नियम लावला आहे. रोगट स्रावासाठी त्याच अध्यायात दोन पक्ष्यांचं अर्पण लागतं, इथे कुठलंच अर्पण मागितलेलं नाही.

पण नवरा सुटकेचा श्वास घ्यायला लागला तसं त्याला थांबवावं लागलं. ओनानची गोष्ट त्याच्यापासून दूर जात नव्हती, जवळ येत होती. ओनाननं तामारेकडून सुख घेतलं आणि तिचं जे देणं होतं ते अडवून ठेवलं. बाहेरून सगळं रीतसर दिसत होतं. आत एक बाई फसवली जात होती, आणि देवाला ते दिसलं. या उताऱ्यातून एकट्यानं केलेल्या कृतीचा नियम निघत नसेल, पण नवऱ्यानं बायकोपासून काय राखून ठेवलं हा प्रश्न नक्की निघतो. वर्षभर तिच्यापासून त्यानं काय राखून ठेवलं होतं? आपली भूक, आपली भीती, आणि 'तुला कुठे दुखतं?' हा साधा प्रश्न. नवरा यावर बराच वेळ बोलला नाही.

दोन मंडळ्या कुठे वेगळ्या होतात

कॅथलिक शिकवण इथे संदिग्ध नाही, आणि ती सौम्य करून सांगणं बायकोशी अप्रामाणिकपणाचं झालं असतं. लैंगिक कृतीत पतिपत्नीचं मीलन आणि जीवनदान हे दोन अर्थ एकत्र गुंफलेले आहेत आणि माणसानं ते तोडू नयेत, असं पोप सहावे पौल यांनी १९६८ च्या परिपत्रकात मांडलं. १९७५ च्या २९ डिसेंबरला व्हॅटिकननं लैंगिक नीतीवर जे निवेदन काढलं, त्यात हस्तमैथुन स्वभावतः गंभीर अव्यवस्था असलेली कृती म्हटली आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २३५२ मध्ये, तेच आहे. म्हणजे कॅथलिक दृष्टीनं जोडीदाराला माहीत असणं, त्याची संमती असणं, मनात फक्त जोडीदारच असणं, यानं कृतीचं स्वरूप बदलत नाही. विवाहितालाही ते तितकंच लागू आहे. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी वीर्याचा नमुना हवा असला, तरी तो या मार्गानं घेऊ नये अशीच तिथली भूमिका आहे. मात्र त्याच परिच्छेदात पुढे एक गोष्ट आहे आणि ती पुष्कळदा सांगायची राहून जाते : भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, मानसिक ताण यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते. कृतीबद्दल एक निर्णय आणि माणसाच्या दोषाबद्दल वेगळा, अशी ही मांडणी आहे.

प्रॉटेस्टंट बाजूला पूर्वी फार फरक नव्हता. ओनानवर लिहिताना धर्मसुधारक कॅल्विननं कडक शब्द वापरले. वाटा फुटल्या त्या संततिनियमनावर. १९३० मध्ये लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी मर्यादित परिस्थितीत कृत्रिम साधनांना वाट दिली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी परिपत्रक काढून ती वाट नाकारली. पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी प्रत्येक कृती संततीसाठी खुली असावी हा आग्रह सोडला. तो सुटल्यावर हस्तमैथुनाविरुद्धचा जुना युक्तिवादही तसाच राहू शकत नव्हता. आज त्या मंडळ्यांत एकमत नाही. काहींना ते सरळ पाप वाटतं. काही जण वासना, गुलामी आणि जोडीदाराची उपेक्षा या तीन कसोट्या लावतात. परस्परांच्या हातून मिळणाऱ्या सुखाला तर अनेक पाळक हरकत घेत नाहीत. विवाहशय्या निर्दोष असावी, या इब्री लोकांस पत्रातल्या वचनाच्या मर्यादेत ते बसतं असं ते मानतात. ऑर्थोडॉक्स परंपरा याला पापच म्हणते, पण उपास, प्रार्थना आणि आध्यात्मिक पित्यापुढची कबुली यांतून बरं करायचा आजार म्हणून त्याकडे बघते.

करिंथकरांस पहिले पत्र, सातवा अध्याय

प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. पौल म्हणतो, पत्नीचा तिच्या शरीरावर अधिकार नाही, पतीचा आहे. हे वाक्य त्या काळी कुणीही लिहिलं असतं. पण पुढचं वाक्य तसं नाही : त्याचप्रमाणे पतीचाही स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, पत्नीचा आहे. नंतर तो सांगतो, की एकमेकांना वंचित ठेवू नका. दूर राहायचंच तर परस्पर संमतीनं, ठरावीक काळ, प्रार्थनेसाठी.

बायकोला हे वचन दंडुक्यासारखं दाखवलं गेलं होतं. म्हणून ते तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. चौथ्या वचनाच्या दुसऱ्या भागावर ती अडखळली. म्हणाली, "म्हणजे त्याच्या शरीराविषयी मला विचारायला हवं होतं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पौलाच्या हिशेबानं नवऱ्यानं वर्षभर जे एकट्यानं ठरवलं, ते ठरवण्याचा हक्क त्याच्या एकट्याचा नव्हता. पण याच वचनाच्या जोरावर दुखणाऱ्या बायकोकडे संबंधाची मागणी करता येत नाही. ज्या शरीरावर पतीला अधिकार मिळाला, त्याची वेदनाही मग त्याचीच झाली. शिवाय त्या दोघांनी संमतीनं दूर राहायचं ठरवलंच नव्हतं. ते नुसते गप्प झाले होते. पौल ज्याला वंचना म्हणतो ती दोन्ही बाजूंनी सुरू होती, आणि तिची सुरुवात न्हाणीघरात झाली नव्हती.

मग नवऱ्यानं आपला शेवटचा बचाव मांडला. मोबाइल हे पाप, ते त्यानं केव्हाच कबूल केलं होतं. स्त्रीकडे वासनेनं पाहणारा मनात व्यभिचार करतो, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं प्रभू येशूचं वचन त्याला पाठ होतं. पण सुरुवातीचे महिने? तेव्हा मनात फक्त बायको होती. स्वतःच्या बायकोविषयी वासना हा व्यभिचार कसा?

त्याला विचारलं, "मनात कोणती बायको होती? आत्ताची?"

तो म्हणाला, "नाही. आधीची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली."

हे उत्तर महत्त्वाचं आहे. मनातल्या त्या बाईला टाके पडले नव्हते, ती थकत नव्हती, रात्री बाळाला घेऊन उठत नव्हती. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांनी १९५६ मधल्या एका पत्रात नेमकं हेच बोट ठेवलं आहे : ही ओढ माणसाला स्वतःबाहेर काढून दुसऱ्यापर्यंत नेण्यासाठी असते, आणि या सवयीत ती उलटी फिरून त्याला कल्पनेतल्या, काहीही न मागणाऱ्या सोबतिणींच्या स्वाधीन करते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ८ ऑक्टोबर १९८० च्या प्रवचनात म्हटलं, की पुरुष आपल्या पत्नीकडे केवळ वासना भागवण्याची वस्तू म्हणून पाहत असेल तर तो तिच्याविषयीही मनात व्यभिचार करू शकतो. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यावर गदारोळ झाला. या नवऱ्याला मात्र ते पटकन समजलं.

तिची बाजू

तिसऱ्या बैठकीनंतर बायको एकटी थांबली. तिला जे सांगायचं होतं ते लग्नाआधीपासूनचं होतं. तिलाही ही सवय होती. लग्नानंतरही संबंधातून तिला पूर्ण सुख क्वचितच मिळायचं, आणि नवरा झोपल्यावर ती स्वतःला स्पर्श करून ते मिळवायची. प्रत्येक वेळी ती पापनिवेदनाला जायची, पुन्हा तेच घडायचं. नवऱ्यावर तिचा एवढा राग का होता, याचा काही भाग इथे होता. ज्या पापासाठी ती वर्षानुवर्षं स्वतःला झोडपत आली, ते त्यानं निवांतपणे केलं असं तिला वाटत होतं.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. आणि तिच्याच मंडळीच्या परंपरेतली एक गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. आल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांच्यासह अनेक कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांनी असं मानलं आहे, की पतिपत्नीचा संबंध पूर्ण झाला पण पत्नीला तृप्ती मिळाली नाही, तर लगेच स्पर्शानं ती मिळवणं हा त्या संबंधाचाच भाग आहे, वेगळं पाप नाही. १९६० मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल होण्याच्या कितीतरी आधी, कारोल वोयतिवा यांनी पत्नीच्या तृप्तीची काळजी घेणं हे पतीचं कर्तव्य आहे असं लिहिलं. तिला हे तिच्या फादरांशी बोलून खात्री करून घ्यायला सांगितलं. प्रॉटेस्टंट समुपदेशकाच्या तोंडून ते ऐकणं तिच्या विवेकाला पुरेसं नव्हतं, आणि तसंच असायला हवं. फादरांनी दुजोरा दिला. पण एक अट तिला तेव्हाच दिसली : हे लपून, तो झोपल्यावर करायचं नाही. त्याला माहीत हवं.

तिनं त्याला सांगितलं. तिच्या तृप्तीविषयी आपण लग्न झाल्यापासून एकदाही विचारलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

ठरलं काय

प्रॉटेस्टंट जोडपं असतं तर उपचार चालू असेपर्यंत परस्पर स्पर्शाचा मार्ग सुचवता आला असता. इथे तो नव्हता. बायकोच्या विवेकाला ते मान्य नव्हतं, आणि विश्वासानं जे होत नाही ते पाप, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं वचन तिच्याच बाजूनं उभं राहत होतं. तिची संमती ओढून काढली असती तर एक वंचना जाऊन दुसरी आली असती. म्हणून पौलाची तरतूद अक्षरशः घेतली : उपचार पुरे होईपर्यंत ठरवून, दोघांच्या संमतीनं, संबंध नाही. पण एकत्र झोपणं, जवळ घेणं, रोज रात्री दोघांनी मिळून प्रार्थना करणं बंद नाही. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात न्यायचा नाही.

दोघांच्या या ठरावात सुरुवातीला आणखी एक कलम होतं : नवरा घसरला तर त्यानं बायकोला सांगायचं. ते काही आठवड्यांतच बदलावं लागलं. प्रत्येक वेळचं सांगणं ऐकून ती पहारेकरी होऊ लागली, आणि त्याला सांगून मोकळं वाटे तेव्हा तिला झोप येत नसे. आता तो मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या, विवाहित माणसाशी बोलतो. मोबाइलचा विषय निघाला तरच बायकोला सांगायचं, असं तिनं ठरवलं. सत्य सांगणं आवश्यक आहे, पण आपलं ओझं दुखावलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकणं म्हणजे सत्य सांगणं नव्हे. समुपदेशकांनी अशा कबुलीचा आग्रह धरताना हा फरक पाहावा.

प्रभुभोजन घ्यावं की नाही, हाही प्रश्न होता. नवऱ्यानं ते कित्येक महिने टाळलं होतं आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांना दर वेळी नवी सबब सांगत होता. त्याला एवढंच सांगितलं, की स्वतःची परीक्षा करून मग खावं असं पौल लिहितो. परीक्षेचा शेवट तो खाण्यात करतो, दूर राहण्यात नाही.

उपचारांनी वेदना बऱ्याच कमी झाल्या आणि संबंध हळूहळू पुन्हा सुरू झाले. एक मतभेद तसाच आहे. नवऱ्याला लवकरच कामानिमित्त काही महिने दूर राहायचं आहे. त्याचं म्हणणं, की बायकोला माहीत असेल, मोबाइल नसेल आणि मनात आत्ताची बायको असेल, तर त्या काळात एखाद्या वेळी हस्तमैथुन झालं तर तो ते पाप मानणार नाही. बायकोचं म्हणणं, की तिची मंडळी ते पाप मानते आणि तीही मानते, त्याच्या विवेकासाठी ती देवासमोर उत्तर देणार नाही, पण 'मला चालेल' असं ती म्हणणार नाही. तिच्या या नकारानंतरही तो आपल्या मताप्रमाणे वागू शकतो का, की पौलाचं ते चौथं वचन त्याचे हात बांधतं, हे तो जाण्याआधीच्या बैठकीत बोलायचं आहे. माझ्या मते बांधतं. त्याला अजून तसं वाटत नाही.